मेलेसियोचं कासव

जपानी सैनिक लुटीचं सोनं जागोजागी पुरून फिलिपिन्स सोडून गेले, असं आमच्याकडे सगळे मानतात. त्याला ऐंशी वर्षं होत आली, पण मेलेसियोचं त्यांच्यावाचून काही अडलं नव्हतं. जे काम त्यांनी आपल्या परसात केलं नाही, ते आपण करू शकतो, असा त्याचा ठाम विश्वास होता. एक छिन्नी, एक हातोडा आणि तीन दुपारी. एवढ्या भांडवलावर युद्धाचा खजिना पुरून दाखवतो की नाही बघा, असं त्याने ठणकावून सांगितलं. सांगितलं स्वतःलाच. दुसरं होतं कोण ऐकायला?

त्याला सोनं नको होतंच मुळी. बायको इसिंग जाऊन तीन वर्षं झाली होती. मूल ना बाळ. घर डोंगराच्या पायथ्याशी, गावाच्या पार टोकाला. तिथून पुढे रस्ता कुठेच जात नाही, त्यामुळे जाता जाता कुणी डोकावेल अशीही सोय नाही. दिवस दिवस त्याचा आवाज फक्त कोंबड्यांना ऐकू जायचा, आणि दाणे संपले की त्याही निघून जायच्या. अशात गेल्या वर्षी ओढ्यापलीकडे कास्तोरच्या जमिनीत कुणाला तरी बाणाची खूण सापडली. झालं! दोन महिने दहा-बारा माणसं तिथे खणत होती. सोनं काही निघालं नाही, पण रोज संध्याकाळी त्यांचं हसणं ओढा ओलांडून यायचं आणि मेलेसियो पायरीवर बसून ते भाताबरोबर तोंडी लावायचा.

खुणांचं शास्त्र आमच्याकडे सगळ्यांनाच पाठ. बाण दिसला तर त्या दिशेला खणा, तीन भोकं दिसली तर जपून, आणि दगडावर कासव कोरलेलं असेल तर त्याचं तोंड जिकडे, तिकडे सोनं. मेलेसियोने कासव निवडलं, कारण गोल काढायला सोपं. ओढ्याकाठच्या खडकावर ते कोरलं, वर चिखल चोळला, शेवाळ चिकटवलं आणि जुनाट दिसावं म्हणून नारळाचा शिरका ओतला. मग तो पुरिंगच्या दुकानात काडेपेटी घ्यायला गेला.

"पुरिंग, एक सांगतो, पण कुणाला बोलू नकोस."

एवढं पुरे झालं. चौथ्या दिवशी जीप दारात!

पाच जण उतरले. म्होरक्या गोर्यो, त्याला सगळे इंजिनियर म्हणायचे, कॉलेज मात्र त्याने बाहेरूनच पाहिलं होतं. त्याच्यामागे सोनं हुडकायचा पितळी लंबक दोरीला टांगून आलेला त्याचा मेहुणा तिनोंग, आणि तीन खणणारे. आधी जमिनीत राहणाऱ्या अदृश्य मंडळींची परवानगी हवी म्हणून पांढरी कोंबडी कापली. कोंबडी अर्थात मेलेसियोचीच. मग सगळे कासवापुढे उकिडवे बसले.

"खोटं आहे," गोर्यो म्हणाला.

"खोटं कसं असेल?"

"आजोबा, असल्या खुणा जपानी लोक मूर्खांना चकवायला ठेवायचे. आणि पाय मोजा की त्याचे. पाच आहेत."

"पाचवी शेपटी असेल," मेलेसियो जरा दुखावूनच म्हणाला.

"मग डोकं कोणतं?"

मेलेसियोने वाकून निरखून पाहिलं. त्यालाही सांगता येईना.

मंडळी कपडे झटकत उठली. आत सहा जणांचा भात शिजत होता. सहा जणांचा भात त्याने तीन वर्षांत लावला नव्हता. तेवढ्यात गोर्यो आंब्यापाशी थबकला.

"हा खिळा कुणी मारला?"

"बायकोने. कपड्यांची दोरी बांधायला."

"तुमच्यासमोर मारला?"

"नाही, मी शेतावर होतो."

"म्हणजे तो आधीपासून असू शकतो."

काय बोलणार? हो, खिळा तिचाच, असं ठासून सांगावं तर जीप निघाली. "असू शकतो," मेलेसियो म्हणाला आणि मनातल्या मनात त्याने इसिंगची माफी मागितली.

मग काय विचारता. खिळा वाकलेला होता, म्हणजे दिशा मिळाली. इसिंगच्या धुण्याच्या दगडाचा एक कोपरा फुटला होता, म्हणजे त्रिकोण मिळाला. त्रिकोणाच्या टोकापासून तेवीस पावलं मोजून गोर्यो जिथे थांबला, तिथे संडास होता. तिनोंगचा लंबक दारातच गरगरा फिरायला लागला.

"आजोबा, संडास इथेच का बांधलात?"

"घरात वास येऊ नये म्हणून."

पाचही जणांनी एकमेकांकडे पाहिलं. "असं तुम्हाला वाटतं," तिनोंग हळूच म्हणाला. "तुमच्याकडून कुणीतरी बांधून घेतला."

दुसऱ्या दिवशी संडास गेला. मेलेसियो केळीच्या आडोशाला जाऊ लागला, पण त्याची तक्रार नव्हती. सकाळी कॉफी सहा कपांत ओतायची. दुपारी खारवलेले मासे, कधी शिरक्यातलं कोंबडीचं कालवण. खणणारे बायकोच्या कागाळ्या सांगायचे, गोर्यो दुसऱ्या गावात सापडता सापडता राहिलेल्या सोन्याच्या गोष्टी सांगायचा, आणि मेलेसियोला मधूनच कुणीतरी "खरं की नाही, आजोबा?" असं विचारायचं. तो सुखावून जायचा. काही माहीत नसलं तरी खरं म्हणायचा.

बाराव्या दिवशी खड्ड्याची एक बाजू ढासळली आणि एक खणणारा कमरेपर्यंत गाडला गेला. ओढून काढला, बरा होता, हसतही होता. मेलेसियो मात्र त्याच्या अंगावरची माती झटकतच राहिला. आपल्या हौसेपायी कुणी जिवाला मुकला असता तर! जेवण झाल्यावर त्याने सगळं सांगून टाकलं. कासव मी कोरलं. खिळा इसिंगचाच. इथे काही नाही रे बाबांनो, मला एकट्याला घर खायला उठतं, म्हणून केलं.

मग गोर्योने तिनोंगच्या मांडीवर थाप मारली.

"बघ, सांगितलं होतं ना? जवळ पोचलं की मालक असंच बोलतो."

"शपथ घेतो हवी तर."

"शपथेवर आलेत. म्हणजे अगदीच जवळ," तिनोंग म्हणाला.

उद्यापासून दुप्पट जोराने खणायचं ठरलं. आणखी पाच दिवसांनी खड्ड्याला पाणी लागलं आणि पाण्यापुढे कुणाचं शास्त्र चालेना. सोनं आधीच कुणीतरी हलवलं, असा निकाल देऊन गोर्योने पहाटे फावडी-पहारी जीपमध्ये टाकल्या, वर ताडपत्री बांधली आणि मंडळी गेली. मेलेसियोने सवयीने सहा कप मांडले होते. पाच परत फळीवर ठेवले.

पण पुरिंगने ती ताडपत्री पाहिली होती. ताडपत्रीखाली काय असतं, हे गावाला सांगावं लागत नाही! त्या रविवारी सरपंचबाई लुर्देस चार माणसं घेऊन मेलेसियोच्या दारात हजर. पुढच्या महिन्यात गावच्या संताचा सण होता, आणि सणाचा यजमान म्हणजे सगळ्या गावाला जेवू घालणारा.

"काका, यंदाचे यजमान तुम्हीच. देवाने दिलंय, आता नाही म्हणू नका."

मेलेसियोने तोंड उघडलं. काही सापडलं नाही, एवढंच म्हणायचं होतं. म्हटलं असतं तर ही पाच माणसंही पायरीवरून उतरली असती.

"किती जण येतील?" त्याने विचारलं.

"सगळे."

"मग या."

त्याच्याकडे होतं एक डुक्कर. ते त्याने स्वतःच्या मरणासाठी पोसलं होतं. आमच्याकडे प्रेत घरात असेतो येणाऱ्या-जाणाऱ्याला खाऊ घालावं लागतं, आणि आपल्यामागे ते करणार कोण, म्हणून त्याने आधीच तजवीज केली होती. तेच डुक्कर सणाच्या सकाळी निखाऱ्यावर फिरलं. शेवया झाल्या, भाताचे तीन हंडे झाले, ताटं पुरिंगने गावभरातून गोळा करून आणली. मेलेसियोने सगळे बाक बाहेर मांडले आणि लग्नातला पांढरा सदरा घातला.

आणि गाव आलं! दोनशे तरी माणसं. पण सणाच्या दिवशी घरोघर खाऊन यायचं असतं, कुणाचंच पोट एका दारात भरत नाही. लोकांनी उभ्या उभ्या खाल्लं, जाता जाता खड्ड्यात डोकावून पाहिलं, पिशवीत थोडं बांधून घेतलं, "मस्त झालंय, काका" म्हणाले आणि पुढच्या घराकडे वळले. तीन वाजता अंगणात हाडं आणि बाक उरले.

पुरिंग ताटं न्यायला आली.

"काका, खरं सांगा, काही उरलं का?"

"काही नाही गं. डुक्कर होतं तेवढं. ते मी माझ्या मरणाला ठेवलं होतं."

"अगबाई, मग आता?"

"आता काय. दुसरं मोठं होईस्तोवर मरता यायचं नाही." मेलेसियो ताटं पुसून तिच्या हातावर रचत होता. "पण कोण कोण येईल ते जिवंतपणीच बघून झालं. सगळे आले, पुरिंग. बसलं मात्र कुणी नाही. तू तरी बस जरा."

पुरिंगने बाकाकडे पाहिलं, मग हातातल्या ताटांच्या चळतीकडे.

"ताटं परत द्यायचीत हो लोकांची," ती म्हणाली. "येते की एकदा निवांत."