बायडीचे त्यागगुण

त्याग करायचा तर माणसाजवळ आधी काहीतरी असावं लागतं. हे इतकं उघड सत्य आहे, की आजवर ते कुणी लिहून ठेवलं नव्हतं. ते काम आमच्या वसुंधरा शाश्वत जीवन मंडळाने केलं (नियमावली, पान तीन, कलम दोन). मी मंडळाचा सरचिटणीस असल्यामुळे त्यातलं अक्षर माझं आहे. बत्तीस वर्षं सरकारी कचेरीत कारकुनी केलेला माणूस निवृत्त झाला की एक तर देवळात बसतो, नाहीतर पर्यावरण वाचवतो. देवळातल्या कट्ट्यावर जागा नव्हती.

आमचं मंडळ बोईसरच्या 'वनराई' वसाहतीत आहे. (वनराई हे नाव इमारती उभ्या राहण्याआधी तिथे जे होतं त्यावरून दिलेलं आहे.) एकूण सभासद एक्केचाळीस, सक्रिय नऊ, फोटोत त्रेसष्ट. पहिल्या वर्षी आम्ही तीनशे रोपं वाटली. पाहणीअंती त्यातली बारा जिवंत आढळली, पैकी पाच प्लास्टिकची होती. दुसऱ्या वर्षी 'प्लास्टिक हटाव' फेरी काढली. तिचे चौदा फ्लेक्स अजून चांगले आहेत, पाऊस-उन्हाने त्यांना काही झालेलं नाही आणि पुढची चारशे वर्षं काही होणारही नाही.

तिसऱ्या वर्षी म्हणजे यंदा आम्ही 'शाश्वत कुटुंब' स्पर्धा घेतली. बक्षीस दणदणीत होतं. दोन हजार लिटरची पाण्याची टाकी, उन्हावर चालणारा पंप आणि वर पाहिजे तेवढा पाइप. हे सगळं एका कारखान्याने दिलं. आपलं नाव कुठेही येऊ नये अशी त्यांची नम्र विनंती होती. अशी निरिच्छ माणसं हल्ली मिळत नाहीत.

आता गुण कसे द्यायचे? अध्यक्ष धीरजशेठ बांधकाम व्यवसायातले, त्यामुळे मोजमापात पक्के. ते म्हणाले, "जो जेवढं सोडेल तेवढे त्याला गुण." झालं. कोष्टक तयार झालं:

एसी महिनाभर बंद ठेवणे (प्रत्येकी) – २० गुण
रविवारी गाडी न काढणे – १५ गुण
शॉवरऐवजी बादली – १० गुण
बाटलीबंद पाणी सोडणे – १० गुण
दुसऱ्या मजल्यापर्यंत लिफ्ट न वापरणे – ५ गुण (गुडघेदुखीचं प्रमाणपत्र असल्यास न चढताही ५)

कोष्टकाचा परिणाम तत्काळ दिसला. आमच्याच इमारतीतले अनुज चुरी यांनी एप्रिलमध्ये दोन नवे एसी बसवले, कारण मेमध्ये ते बंद करायचे होते. याला दूरदृष्टी म्हणतात. तिसऱ्या मजल्यावरच्या एका कुटुंबाने आयुष्यात प्रथमच बाटलीबंद पाण्याचे खोके मागवले आणि पंधरा दिवस जिवावर उदार होऊन ते पाणी प्यायलं. सोडताना त्यांना जो आनंद झाला, तो शब्दांत सांगता येण्याजोगा नाही. वसाहतीचं विजेचं बिल एप्रिलमध्ये एकतीस टक्क्यांनी वाढलं, तेव्हाच मला खात्री पटली की यंदा बचत भरघोस होणार.

सगळं असं सुरळीत चाललेलं असताना माझ्या बायकोने त्यात बायडीला आणलं.

बायडी ही मासवणच्या बाजूला एका टेकाडावरच्या पाड्यात राहते. पावसाळ्याआधी शेवळांची रानभाजी, करवंदं, एरवी पळसाची पानं आणि परसातली वांगी घेऊन बोईसरच्या बाजारात बसते. वत्सला, म्हणजे आमची ही, गेली दहा वर्षं तिच्याचकडून भाजी घेते आणि तिच्याशी माझ्यापेक्षा जास्त बोलते. तिने टाकीची बातमी बायडीला सांगितली, स्वतःच अर्ज भरला, त्यावर बायडीचा अंगठा घेतला आणि माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "तिची सून सातव्या महिन्यात आहे. खालच्या विहिरीवरून दिवसाला सहा खेपा घालते. टाकी तिलाच मिळायला पाहिजे."

मी म्हटलं, "पाहिजे असं काही नसतं. गुण पडले तर मिळेल."

"मग पडतीलच की. तिच्याइतकं कमीत जगणारं तुमच्या वसाहतीत कोण आहे?" ती म्हणाली. बायकांना नियमावली कळत नाही, असं मी मनात म्हटलं (मोठ्याने म्हणायला मी काही खुळा नाही).

पाहणीसाठी मी आणि आमच्या चिटणीस दीपाली टीचर धीरजशेठच्या मोठ्या गाडीतून गेलो. उन्हाळा मरणाचा होता, म्हणून काचा बंद करून एसी लावला. शेवटचा अर्धा किलोमीटर गाडी जात नाही, तो चढ आम्ही पायी चढलो. (त्याचे आम्हाला गुण मिळायला हरकत नव्हती. मुद्दा विचाराधीन आहे.) वाटेत जमिनीतून एक जाडजूड पाइप गेलेला दिसला. त्यातून आमच्याकडे पाणी येतं म्हणे. पाडा वर आहे आणि पाणी स्वभावतः खाली जातं, त्याला मंडळ काय करणार?

बायडीचं घर कारवीच्या कुडाचं, शेणमातीने लिंपलेलं. मी फॉर्म उघडला आणि रीतसर सुरुवात केली.

"घरात एसी आहे का?"

"हाय ना, चारी बाजूनं," बायडी कुडाच्या फटींकडे हात करून म्हणाली.

"तो बंद ठेवण्याची तयारी आहे का?"

"बंद कराया त्याला दारच नाय, साहेब."

"आंघोळ शॉवरने की बादलीने?"

"पानी उरलं तं तांब्यानं."

"लिफ्टचा वापर?"

तेवढ्यात तिची सून हिरा चढ चढून आली. डोक्यावर दोन हंडे, कमरेला एक, आणि पोट पुढे आलेलं. बायडीने तिच्या डोक्यावरचा वरचा हंडा उतरवला आणि म्हणाली, "हीच आमची लिफ्ट."

मी तिथे 'लागू नाही' असं लिहिलं. हिरा ओट्यावर बसली आणि बराच वेळ नुसती धापा टाकत राहिली. मला वाईट वाटलं. (ही माझी वैयक्तिक भावना आहे, मंडळाची भूमिका नव्हे.)

बेरीज केली तेव्हा बायडीला एकही गुण पडला नव्हता. तिच्याकडे सोडण्यासारखं काही सापडलंच नाही. आता बोला! दीपाली टीचरनी दोनदा फॉर्म उलटून पाहिला. मागची बाजूही रिकामीच होती.

मात्र आमचं मंडळ काही दगडाचं नाही. तातडीची बैठक घेऊन आम्ही ठराव क्रमांक सात एकमताने पारित केला: 'सदर अर्जदार हिच्याजवळ सोडण्याजोगे काहीही आढळून न आल्याने, व त्यायोगे तिच्यावर अन्याय होण्याचा संभव असल्याने, तिला पंधरा दिवसांपुरती माफक उधळपट्टी उपलब्ध करून द्यावी.' वसाहतीने सढळ हाताने दिलं. एक फ्रिज (बंद पडलेला, त्यामुळे वापर सोडणं सोपं), एक टेबलफॅन, दोनशे प्लास्टिकच्या पिशव्या आणि पाण्याच्या पाच लिटरच्या चाळीस बाटल्या, पिऊन झालेल्या. टेम्पोच्या दोन खेपा झाल्या. तेवढ्या एका दिवसात वसाहतीचे तळमजले इतके स्वच्छ झाले की धीरजशेठ म्हणाले, असा ठराव दरवर्षी करायला हवा.

मी बायडीला नीट समजावलं, "हे पंधरा दिवस वापरायचं आणि मग टाकून द्यायचं. मात्र टाकलेलं घंटागाडीत पडलं पाहिजे, आणि त्याचा फोटो पाहिजे. कलम नऊ."

"टाकलं का टाकी मिळंल ना, साहेब?" तिने विचारलं. "हिराला आता आठवा लागंल. जीव घाबरतो माजा."

"मिळेल," मी म्हणालो. नियमाने वागलं तर न मिळण्याचं काही कारणच नव्हतं.

इथे मला एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. बायडीने हयगय केली, असा ठपका मंडळाच्या अहवालात आहे, पण तो खरा नाही. तिने अगदी मनापासून टाकलं. सोळाव्या दिवशी सकाळी तिने फ्रिज ओढून अंगणाबाहेर काढला. हात धुऊन मागे वळते तोवर शेजारच्या गोमाने तो उचलला, घरात नेऊन आडवा केला आणि त्यात भाताचं बियाणं भरलं, कारण त्यात उंदीर शिरत नाहीत. तिने पिशव्या फेकल्या, तर पाडाभर त्या छपरांखाली गेल्या, पावसाच्या तोंडावर फुकटचं आच्छादन कोण सोडतो? टेबलफॅनची पुढची जाळी पाड्यातल्याच देवूच्या बायकोने काढून कोंबडीच्या पिलांवर झाकली. मागची जाळी दुसऱ्या कोंबडीला गेली. त्या पाड्यात वस्तू टाकायची म्हटली तर टाकायला जागाच नाही, कारण जमिनीवर पडायच्या आत ती कुणाच्या तरी कामाची होते. दीपाली टीचरनी अहवालात 'कचरा व्यवस्थापनाचा संपूर्ण अभाव' असा शेरा मारला, तो याच अर्थाने.

उरल्या बाटल्या. तरी बायडी हरली नाही. पाड्यात घंटागाडी येत नाही, म्हणून तिने अडतीस बाटल्यांचा भारा बांधला, डोक्यावर घेतला, खाली सडकेपर्यंत चालत आली आणि जीपच्या टपावर टाकून तो बोईसरला आणला. (दोन बाटल्या हिराने ठेवून घेतल्या होत्या. हंड्यापेक्षा हलक्या पडतात म्हणे. त्याबद्दल वेगळे गुण कापले.) आमच्या वसाहतीच्या फाटकापाशी घंटागाडी उभी होती आणि मी फोटो काढायला मोबाइल घेऊन सज्ज होतो. बायडीने भारा वर केला. तोच गाडीवरच्या चंद्रभानने तो मधल्या मध्ये झेलला.

"अरे मौसी, ये कचरा थोड़ी है! ये तो माल है, बिकता है," तो म्हणाला आणि भारा त्याने आपल्या सीटमागे नीट ठेवला.

"नको रं बाबा, टाक त्या घाणीत!" बायडी अक्षरशः ओरडली. "माज्यासाठी टाक!"

चंद्रभानला वाटलं, बाई उन्हाने चळली. त्याने तिला पाणी दिलं आणि घंटी वाजवत निघून गेला. फोटोत बाटल्या सीटमागे दिसतात, कचऱ्यात नाहीत. मी भिंग लावून पाहिलं. कलम नऊची पूर्तता होत नव्हती. दैव देतं आणि कर्म नेतं, ते हे असं.

महोत्सव जूनच्या पहिल्या रविवारी एका वातानुकूलित सभागृहात पार पडला. पाण्याच्या लिटरच्या बाटल्यांऐवजी या वेळी आम्ही अर्ध्या लिटरच्या वाटल्या, म्हणजे पन्नास टक्के कपात तिथेच झाली. 'शाश्वत जीवन प्रत्यक्ष पाहा' या दालनात आम्ही कुडाचं एक घर उभारलं होतं, आणि त्यात बायडी आणि हिरा यांना मानाने बसवलं होतं. दर अर्ध्या तासाला हिरा दोन हंडे डोक्यावर घेऊन गालिच्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून दाखवी. लोकांनी खूप सेल्फी घेतल्या. गालिचा भिजू नये म्हणून हंडे रिकामे ठेवले होते.

"ताई, दमत नाही का हो तुम्ही?" एका शाळकरी मुलीने कौतुकाने विचारलं.

"हितं नाय दमत," हिरा म्हणाली. "हितं हंड्यात काय नाय ना."

पहिलं बक्षीस अनुज चुरी यांना मिळालं. एकूण गुण एकशे पंचाऐंशी. टाळ्यांचा कडकडाट झाला. भाषणात त्यांनी बंद केलेल्या एसींची एकेक करून आठवण काढली. टाकी आता त्यांनी वसाहतीच्या बागेत बसवली आहे. पंपावर एक छोटं कारंजं चालतं, संध्याकाळी त्यात रंगीत दिवे लागतात. बायडीला उत्तेजनार्थ प्रमाणपत्र मिळालं (लॅमिनेट केलेलं, कारण कुडाच्या घरात कागद टिकत नाही) आणि पळसाचं एक रोप. रोप पाहून ती पहिल्यांदाच हसली.

तिने प्रमाणपत्र वत्सलाच्या हातात दिलं, वाचता येत नाही म्हणून. वत्सलाने ते वाचलं नाही. माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी चष्मा पुसायला घेतला.

मग बायडी माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "साहेब, पुढल्या साली टाकी पायजे तं आमी काय सोडायचं? आमच्याकडं येक पानी भरनं तेवढं हाय. ते सोडू का?"

मी कोष्टक काढून पाहिलं. तशी ओळ त्यात नव्हती.

हिराला जुलैत पोरगी झाली. सकाळच्या चौथ्या खेपेनंतर पोटात कळा आल्या, म्हणून पाचवी आणि सहावी खेप बायडीने घातली आणि दुसऱ्या दिवसापासून सहाही. वत्सला दोनदा जाऊन आली. तेव्हापासून घरात ती माझ्याशी कामापुरतं बोलते, आणि कामं फार कमी आहेत.

पण मंडळ झाल्या प्रकारापासून काही शिकलं नाही, असं कुणी म्हणू नये. पुढच्या वर्षापासून आम्ही कोष्टकात एक नवी ओळ घातली आहे: 'गरजवंताची हकीकत ऐकून किंवा वाचून मनापासून हळहळणे – ५ गुण.' यासाठी कुठे जायला नको, काही सोडायला नको, की फोटोही नको. तुम्ही इथपर्यंत वाचलंत, म्हणजे मध्ये कुठेतरी नक्कीच चुकचुकला असाल. ते पाच गुण मी तुमच्या नावावर टाकून दिले आहेत. अभिनंदन! बसल्या जागी तुम्ही बायडीच्या पुढे गेलात.