मागे बघणारी मेंढी

गाडी पुढे पळायची आणि गाडीवरची मेंढी मागे बघायची. आमच्या आप्पांची डाळिंबी रंगाची बस सगळा तालुका यावरूनच ओळखायचा. दोन्ही बाजूंना मोठ्या अक्षरांत ‘गुणी ट्रॅव्हल्स’ आणि त्याखाली एक पांढरी मेंढी. एक कान काळा आणि मान मागे वळवलेली.

ट्रॅव्हल्स म्हणजे एकच बस, तीही जुनी घेतलेली. पण आप्पा कायम ‘आमच्या गाड्या’ म्हणायचे. कुरकुंभला कारखाने वाढत होते त्या वर्षांत त्यांनी मेंढरं सोडून हा धंदा धरला. मी आणि माझ्यासारखे चाळीसएक जण त्यांच्या बसने खुटबावहून आमच्या कंपनीत फर्स्ट शिफ्टला जायचो.

धंदा बदलला तरी आप्पा मेंढरंच वळत होते. माणसं दारात अडकली की तोंडाने ‘हुर्र’ करून त्यांना आत सरकवायचे. मग दारात उभे राहून हनुवटीने डोकी मोजायची. बोटाने मोजलं तर नजर लागते म्हणे. एक डोकं कमी भरलं की गाडी हलत नसे. आलेल्यांना लेट मार्क बसायचा, आणि न आलेला घरी गोधडीत असायचा. मी एकदा चिडून बोललो, तर म्हणाले, “मास्तर, येक मागं ऱ्हायलं तर कळप फुडं जात न्हाई.” मी मास्तर नव्हतो, स्टोअरमध्ये होतो. पण चष्मेवाल्या प्रत्येकाला ते मास्तर म्हणत.

गुणी कोण, असं नवीन माणूस हमखास विचारायचा. आप्पांना मूलबाळ नव्हतं, म्हणून प्रश्न जरा अवघड व्हायचा. “लेकच म्हना,” एवढं बोलून ते खिडकीबाहेर थुंकायचे. आणि मेंढी मागे का बघते विचारलं की ठरलेलं उत्तर होतं, “फुडं बघाया डायवर हाय. मागं कोन बघनार?”

मग कंपनीत नवे साहेब आले. त्यांनी फर्मान काढलं: कंत्राटाच्या सगळ्या बस पांढऱ्या हव्यात, त्यावर फक्त कंपनीचं नाव, बाकी चित्रंबित्रं काही नाही. आठ दिवसांची मुदत. नाहीतर कंत्राट रद्द.

कंत्राट गेलं तर आप्पांकडे उरणार काय? मेंढरं नाहीत, जमीन नावापुरती. आम्ही सगळ्यांनी समजावलं. “आप्पा, पुसा की. मेंढी मोठी का पोट मोठं?”

“पांढरी पायजे न्हवं सायबाला?” आप्पा म्हणाले. “देतो पांढरी.”

सुट्टीच्या दिवशी मला घेऊन ते थेट शिरूरला गेले. दौंडमध्ये काय पेंटर नव्हते? होते. पण दौंडच्या पेंटरने एकदा काढलेली मेंढी कुत्र्यासारखी दिसली होती. आप्पांनी ते मरेपर्यंत विसरायचं नाही असं ठरवलं होतं. शिरूरच्या पेंटरने अख्खी बस पांढरी केली, कंपनीचं नाव घातलं आणि हात पुसले. तेव्हा आप्पांनी बसच्या मागच्या बाजूचा वरचा डावा कोपरा दाखवला. “ह्यो काळा कर.”

“हे काय आता?”

“कान.”

मग मागच्या काचेखाली दोन मोठे डोळे काढून घेतले. मी कपाळाला हात लावला.

दुसऱ्या दिवशी साहेब गेटवर आले आणि बसला पूर्ण फेरी मारून मागे थांबले. “चित्र नको म्हटलं होतं ना?”

“चित्र कुठं हाय? अख्खी गाडीच हाय.”

खिडक्या-खिडक्यांतून हशा उसळला. साहेब लाल झाले. “तो कान आणि डोळे आजच्या आज पुसा.”

आप्पांनी टोपी काढून पुन्हा घातली. “नाव पुसलं, रंग पुसला. ह्ये न्हाई पुसनार. कंत्राट काढून घ्या.”

हशा थांबला. साहेबांनी एकदा आप्पांकडे पाहिलं, एकदा चाळीस तोंडांकडे पाहिलं, आणि ते आत गेले. कंत्राट काढायचं पत्र काही आलं नाही.

त्या दिवशी दुपारी परतताना मी आप्पांशेजारी बसलो. म्हटलं, “आता तरी खरं सांगा.”

ते म्हणाले, “गाडीसाठी समदा कळप इकला. गुणीला आमच्या हिनं चमच्यानं दूध पाजून वाढवलेली. यापाऱ्यानं टेम्पोत चढवली, मला बघवंना. तरातरा फुडं निघालो. ही मागनं रडत आली. म्हनली, तुमच्याकडं बघत हुती ती, येकदा तरी वळायचं.”

पाटस मागे पडलं.

“वरीसभरानं ही बी गेली. मी ड्युटीवर. सकाळी निघालो तवा दारात उभी हुती म्हनं. त्या दिशी बी मी वळलो न्हाई, मास्तर.”

खुटबावला मी उतरलो. रोज उतरलो की तडक घराकडे चालू लागायचो. त्या दिवशी बाकीचे पांगले तरी रस्त्याच्या कडेला थांबलो. बस निघाली, आणि एक काळा कान, दोन डोळे माझ्याकडे बघत लांब लांब गेले. मी हात हलवला. आसपास कुणी नव्हतं, म्हणून चांगला दोन्ही हातांनी हलवला.