सुक्या लाकडाचा शिक्का

एका जंगलात एक बंब होता. हसताय काय? बंबच! तांब्याचा, ढेरपोट्या, डोक्यावर धुराडं असलेला. कुठल्याशा बंद बंगल्यातून माकडांनी तो उचलून आणला होता. कशासाठी, ते माकडांनाही ठाऊक नव्हतं. पण वनराजांनी एकदा ऊन पाण्याने अंघोळ केली, आणि झालं. अख्ख्या जंगलाला गरम पाण्याची चटक लागली.

बंब पेटवायचं काम खंडूअण्णा अस्वलाकडे. अण्णा पक्के आळशी. हाताला लागेल ती हिरवी फांदी मोडायची आणि पाल्यासकट बंबात कोंबायची. मग काय, धूरच धूर! अंघोळ करून निघालेलं हरीण काळं होऊन पुन्हा रांगेत उभं राहायचं.

बंबाच्या शेजारी एक जुनं झाड होतं. त्याच्या ढोलीत भागुजी धनेशाची बायको, चिमाबाई, राहत होती. राहत होती म्हणजे, कोंडून घेतलेली होती. धनेश पक्ष्यांची ही रीतच आहे बरं का. अंडी घालायची वेळ आली की बायको आत बसते, ढोलीचं तोंड चिखलाने लिंपून घेते आणि चोचीपुरती फट ठेवते. नवऱ्याने बाहेरून उंबरं भरवायची. आत तिची पिसं झडतात. पळावं म्हटलं तरी उडता येत नाही.

आणि त्या फटीतून धूर आत जायचा. चिमाबाई खोकायची. परवाच दोन पिल्लं झाली होती, तीही खोकायची.

"अहो," चिमाबाई म्हणाली, "पिल्लांचे डोळे उघडले नाहीत अजून, आणि चुरचुरायला लागलेसुद्धा. काहीतरी करा ना!"

भागुजी तडक दरबारात गेला.

"महाराज, बंबात वाळलेलं लाकूड घाला. ओलं धुमसतं, सुकं जळतं. एवढंच आहे."

"एवढंच असतं तर आम्हाला सुचलं नसतं का?" वनराज गुरगुरले. मग त्यांनी धूर कमी करायला धूरघट खातं काढलं. प्रमुख नेमले बगळेसाहेब. का? तर ते सगळ्यांत पांढरे होते. हुकूम निघाला : ज्या लाकडावर 'सुके' असा शिक्का असेल, तेच बंबात जाईल.

भागुजी हरखला. तीन दिवस उडून उडून त्याने धावड्याच्या वाळक्या काटक्या जमवल्या. एकीवर एक आपटली की खणखण वाजत. मोळी घेऊन तो खात्यात गेला. खातं तळ्यात होतं. साहेब एका पायावर उभे होते. त्यांनी गेरूत बुडवून शिक्का मारला. काटकी इतकी वाळलेली, की सालीचा भुगा झाला आणि गेरू झडून गेला.

"उमटत नाही," साहेब म्हणाले. "लाकडात खोट आहे."

"साहेब, ते सुकं आहे म्हणून उमटत नाही!"

"मग ते सुकं आहे, याला पुरावा काय?"

साहेबांनी मोळी तळ्यात बुडवली, शंभरपर्यंत आकडे मोजले, वर काढली आणि ठाप ठाप शिक्के मारले.

"बघा, कसा झकास उमटला!"

त्या दिवशी पहिल्यापेक्षा दुप्पट धूर झाला. ढोलीतून चिमाबाईचा आवाजच येईना, नुसती ढास. भागुजी रडकुंडीला आला. मग मात्र त्याचं डोकं फिरलं. खात्याच्या नावाने बोटं मोडत तो रानात गेला, बिनशिक्क्याची सुकी लाकडं आणली आणि खंडूअण्णा डुलकी घेत होते तेवढ्यात बंबात सारली.

काय सांगू पोरांनो! लखलखीत जाळ. पाणी खळखळा उकळलं. धुराचा मागमूस नाही. चिमाबाईने फटीतून चोच बाहेर काढली आणि म्हणाली, "अगं बाई! आकाश निळं आहे की हो!" पिल्लं शांत झोपली.

तेवढ्यात बगळेसाहेब धापा टाकत आले.

"धूर कुठे गेला? धूर नाही, तर आम्ही कमी काय करायचं?"

वनराज अंग शेकत बसले होते. म्हणाले, "पाणी तर फक्कड तापलंय."

"पाण्याचं सोडा हो महाराज! बिनशिक्क्याचं लाकूड घातलंय कुणीतरी!"

"मी घातलं," भागुजी म्हणाला. सगळ्यांना वाटलं, आता याची पिसं निघणार! पण बगळेसाहेब काही कच्चे नव्हते.

"महाराज, लाकडातला एवढा जाणकार बाहेर कशाला? खात्यात घेऊ या."

भागुजीला लाल पट्टा मिळाला. उपशिक्काधिकारी! त्याने ठरवलं, आत शिरायचं आणि सगळं सुधारायचं. पहिल्या दिवशी त्याने कोरड्या काटकीवर शिक्का मारला. उमटला नाही. दुसऱ्यांदा मारला. उमटला नाही. मागे मोळ्यांची रांग लागली. रानडुक्कर ओरडलं, "ओ साहेब, आटपा की!" साहेब म्हटल्यावर भागुजीला बरं वाटलं. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि काटकी पाण्यात बुडवली. थोडीशीच हं.

संध्याकाळी तो उंबर घेऊन ढोलीपाशी गेला. आत तिघांची ढास लागली होती.

"अहो," चिमाबाई कशीबशी म्हणाली, "आज पुन्हा धूर कसा?"

भागुजीने पट्टा सारखा केला.

"वेडी आहेस का? आज अगदी सुकं लाकूड आहे. मी स्वतः भिजवलंय."

चिमाबाईने त्याच्या चोचीतलं उंबर घेतलं आणि फटीत घट्ट ठासून बसवलं.

तात्पर्य : बंबात घालण्यापूर्वी लाकूड नीट भिजवून घ्यावे. त्याशिवाय ते सुके असल्याची कुणाचीच खात्री पटत नाही.