घसरगुंडीखालची बरणी

परसातला झोपाळा आणि घसरगुंडी काढून टाकायची, आणि तीही स्वतःच्या हाताने, असं दातांच्या डॉक्टरांनी एका शनिवारी दुपारच्या चहाला ठरवलं. उपटणं हा त्यांचा धंदाच होता. आपला हात हलका आहे असं गावात सगळे म्हणतात, असं ते गावात सगळ्यांना सांगत. तेव्हा चार लोखंडी खांब म्हणजे काय मोठंसं.

कारणही तसं बरं होतं. एकुलती एक मुलगी नोकरीसाठी परगावी गेली आणि तिथंच रमली. झोपाळ्यावर बसणारं घरात कुणी उरलं नव्हतं. (डॉक्टर स्वतः एकदा बसून पाहायला गेले होते, साखळीने नको तिथं चिमटा काढला.) खांबांवर पत्रे टाकले की गाडीला छप्पर होईल, घसरगुंडी दवाखान्याच्या पायऱ्यांवर टाकली की चाकाच्या खुर्चीतला पेशंट वर आणता येईल, असं सगळं त्यांनी मनात रचून ठेवलं होतं. (तोच पेशंट खाली कसा जाईल, हा विचार त्यांनी केला नव्हता.)

"राहू द्या की," बायको म्हणाली. "कुणाचं काय खातंय ते?"

"गंजून चाललंय."

"गंजू दे. आणि काढायचंच तर सकाळी काढा. संध्याकाळचं तिकडे जाऊ नका."

"का? संध्याकाळी काय आहे तिकडे?"

ती कपबशा उचलून आत गेली.

डॉक्टर अर्थातच संध्याकाळी गेले. हातात मोठा पाना होता. दवाखाना घराच्या पुढच्या अंगाला, त्यामुळे मागच्या परसात त्यांनी कित्येक महिन्यांत पाऊल टाकलं नव्हतं. वारा पडला होता. गवत गुडघ्याएवढं माजलेलं, पण झोपाळ्याखाली मात्र ते झिजून झिजून नाहीसं झालं होतं आणि माती उघडी पडली होती. खांबांना गंजाचे पापुद्रे सुटले होते. घसरगुंडी तेवढी घासलेल्या ताटासारखी लखलखत होती. डॉक्टरांनी झोपाळ्याच्या फळीवर हात ठेवला. फळी कोमट होती. आणि ऊन तर त्या बाजूला दुपारनंतर यायचंच नाही.

घसरगुंडीच्या शिडीपाशी बोलनळीचं तोंड होतं. मुलगी लहान असताना डॉक्टरांनीच ती हौसेने बसवली होती: इकडे पत्र्याचं एक नरसाळं, तिकडे पाण्याच्या टाकीमागे दुसरं आणि मधे जमिनीखालून नळी. एकाने इकडे कुजबुजायचं, दुसऱ्याने तिकडे कान लावायचा. गंमत म्हणून डॉक्टर वाकले आणि "हॅलो" म्हणाले.

मग नळीत कुणीतरी श्वास घेतला आणि लहानशा, अगदी शांत आवाजात विचारलं, "माझा नंबर कधी?"

डॉक्टर टाकीमागे जाऊन आले. तिथं कुणी नव्हतं. मागच्या फाटकाला कुलूप होतं. ते घरात आले तेव्हा पाना गवतातच राहिला होता.

"झालं काढून?" बायकोने विचारलं.

"उजेड कमी होता," डॉक्टर म्हणाले.

सोमवारी दवाखान्यात एका आजोबांनी दारातून डोकावून "माझा नंबर कधी?" असं विचारलं, तेव्हा डॉक्टरांच्या हातातला आरसा खाली पडला. खुर्चीतल्या पेशंटने आपल्याच दाढेत काहीतरी भयंकर दिसलं असणार असं समजून डोळे मिटून घेतले.

त्या संध्याकाळी डॉक्टर पाना आणायला गेले. फक्त पाना, बाकी कशाला हात लावायचा नाही, असं स्वतःला बजावून गेले. पण नळीपाशी पोचतात तोच आतून कुजबुज ऐकू आली. या वेळी आवाज एक नव्हता.

"कोण आहे?" डॉक्टरांनी दरडावायचा बेत केला होता, आवाज बकरीसारखा निघाला.

"तुम्ही दात काढता तेच का?"

"हो."

"आम्ही ज्यांचे काढलेत ते."

"किती जण आहात?"

"सगळे."

डॉक्टरांनी नरसाळ्याला घट्ट धरलं. "काय हवंय?"

"आमचे दात."

काढलेले दात कुठे जातात हे डॉक्टरांना चांगलं ठाऊक होतं. कापसातून बादलीत, बादलीतून पिवळ्या पिशवीत आणि पिशवीतून थेट भट्टीत. पण हे नळीत तोंड घालून सांगायचा त्यांना धीर झाला नाही. "आहेत," ते म्हणाले. "जपून ठेवलेत."

"मग आणा."

जेवताना बायकोने विचारलं, "मग काढायचं काय ठरलं?"

डॉक्टरांनी घास ताटात परत ठेवला. "मी त्यांच्या भल्यासाठीच काढले गं."

"कुणाच्या भल्यासाठी?"

"खांबांच्या."

तिने पुढे होऊन त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला.

कॉलेजात सरावासाठी जमवलेल्या दातांची एक काचेची बरणी दवाखान्याच्या कपाटात मागे पडून होती. कुणाकुणाचे दात होते देव जाणे. पण दातावर काही नाव लिहिलेलं नसतं, असा डॉक्टरांनी विचार केला. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला त्यांनी घसरगुंडीखाली खड्डा खणला, बरणी आत ठेवली, माती सारखी केली, आणि का कोण जाणे, हात जोडले.

नळी बोलली. "हे मोठे आहेत. माझा छोटा होता."

सकाळी उठल्या उठल्या डॉक्टरांनी भंगारवाल्याला फोन केला. सगळं घेऊन जा, पैशाचं बोलू नकोस, आज ये, म्हणाले. भंगारवाला दुपारीच आला, शिडीशेजारचा खांब मोकळा करायला म्हणून त्याने पहार मारली आणि मातीतून बरणी वर आली. त्याने ती उन्हात धरली, हलवली, कानाशी नेऊन ऐकली. मग अलगद खाली ठेवली.

"वहिनी," तो डॉक्टरांच्या बायकोला म्हणाला, "हे आम्ही भंगारात धरत नाही." आणि गेला. तराजू, पहार, सगळं तिथंच टाकून.

बायको घसरगुंडीच्या पायरीवर बसली. "आता सांगा," ती म्हणाली.

डॉक्टरांनी सगळं सांगितलं. ती हसली नाही. हसली असती तर डॉक्टरांना बरं वाटलं असतं. ती उठली, मागचं फाटक उघडलं आणि रस्त्याकडे बघून हाक मारली. थोड्या वेळाने तीन मुलं खाली मान घालून आत आली. तिघांच्याही पुढच्या दातांत खिंडारं होती.

"दात काढून घेतला की मागच्या फाटकाने झोपाळा," बायको म्हणाली. "त्यांच्या आयांना मीच सांगून ठेवलंय. आवाज करायचा नाही, एवढी एक अट. तुम्हाला कळलं असतं तर फाटक बंद केलं असतंत. आणि मुलगी गेल्यापासून परस फार गप्प झालं होतं हो."

"म्हणजे मुलं माझ्याकडे येतात ती माझा हात हलका म्हणून नाही?"

सगळ्यांत लहान मुलगा पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागला.

"दात आम्हीच मागितले काका," दोन वेण्यांची मुलगी म्हणाली. "वर्गात दाखवायला."

"आणि नंबर कधी, म्हणून विचारलंत ते?"

"कधी?"

"शनिवारी."

मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. "शनिवारी आमची सहल होती. आम्ही आलोच नव्हतो."

"म्हणून तर फाटकाला मी कुलूप घातलं होतं," बायको म्हणाली.

सगळ्यांनी झोपाळ्याकडे पाहिलं. झोपाळा हलत नव्हता. पण आत्ताच थांबला असावा असा दिसत होता.

त्यानंतर ते सामान काढायचं नाव डॉक्टरांनी घेतलं नाही, आणि घेतलं असतं तरी गावातला कुठलाच भंगारवाला त्या परसात शिरायला तयार नव्हता. त्या पहिल्याने कुठे कुठे काय सांगितलं कोण जाणे. दातांचे डॉक्टर काढलेले दात मागे पुरतात, ज्यांचे असतात त्यांना ते संध्याकाळी बोलावून घेतात, अशी बोलवा झाली. "ब्रश कर, नाहीतर त्या परसात नेईन," असं म्हणायची सोय झाली. मुलं दोन्ही वेळा दात घासू लागली. मोठी माणसं जेवल्यावर मुकाट्याने चुळा भरू लागली. आजोबांनी आपली दाढ दुखायची थांबल्याचा निरोप पाठवला.

डॉक्टर रिकाम्या दवाखान्यात, परसाकडची खिडकी घट्ट लावून, पेशंटच्याच खुर्चीत बसून राहायचे. एका संध्याकाळी बायकोने चहा आणून त्यांच्या हातात दिला.

"तोंड पाडून काय बसलात?" ती म्हणाली. "इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तुमच्यामुळे लोकांचे दात वाचतायत."