मुलीने पाठवलं

समाजसेवेत माझा हात धरणारा आमच्या विद्यापीठात कोणी नाही! विद्यार्थ्यांच्या सेवा मंडळाचा मी अध्यक्ष. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची घरं आवरून द्यायची, ही योजनाही माझीच.

त्या शनिवारी आभाळ ओल्या पोतेऱ्यासारखं लोंबत होतं. झाडू-बादल्या घेऊन मी आणि आमची एक कार्यकर्ती एका कळकट इमारतीत शिरलो. तिला सगळे 'शंका' म्हणतात.

"आजी तिसऱ्या मजल्यावर राहतात ना?" शंकेने विचारलं.

"दुसऱ्या! माझ्या स्मरणशक्तीवर संशय?" मी बेल दाबली.

दार उघडलं एका आजोबांनी. विटलेला बनियन, वाढलेली दाढी. बादल्यांकडे बघत त्यांनी विचारलं, "मुलीने पाठवलं?"

आमच्या ऑफिसात फोन घ्यायला एक मुलगी बसते. तिनेच पाठवलं होतं. आजी असतील आत, मला काय!

"हो, मुलीनेच!"

"कशी आहे ती?"

"ठणठणीत!"

"माझं नाव काढते?"

"सकाळपासून सारखं तुमचंच!" माझं तोंड म्हणजे वायसर गेलेला नळ.

"राग गेला म्हणायचा," असं पुटपुटत आजोबा आतल्या खोलीत गेले.

"कसला राग?" शंका कुजबुजली.

"म्हातारी माणसं काहीही बोलतात! तू झाडू मार."

धूळ एवढी, की पंख्याने स्वेटर घातलाय असं वाटावं! तोंडाला रुमाल बांधून मी स्टुलावर चढलो आणि पडदे काढायला लागलो. एवढ्यात आजोबा बाहेर आले. दाढी केलेली, अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात फोन.

"आभार मानायला फोन केला तिला. कित्येक वर्षांनी उचलला. म्हणते, मी कुणालाच पाठवलं नाही."

मी पडद्यासकट खाली आलो!

"आजोबा, ती मुलगी म्हणजे... आमच्या ऑफिसातली. आम्हाला वरच्या मजल्यावरच्या आजींकडे..."

आजोबांनी फोन खिशात ठेवला. मग हळूच म्हणाले, "फार घाबरली हो ती. म्हणाली, बाबा, घरात चोर शिरलेत!"

"मग येतायत का त्या?" शंकेने विचारलं.

"नाही. पोलिसांना पाठवतेय."

पोलीस आले. माझ्या तोंडाला रुमाल, काखेत पडदे! इतका अस्सल चोर त्यांना नोकरीत पहिल्यांदाच भेटला असणार. ओळखपत्रं दाखवली, ऑफिसातल्या मुलीची फोनवर साक्ष काढली, तेव्हा सुटलो. हवालदारांनी आजोबांच्या लेकीला फोन लावून सगळं सांगितलं. आजोबा त्यांच्या कोपराला चिकटून उभे.

"काय म्हणाली?"

"तुम्हाला काही लागलं-बिगलं नाही ना, एवढं विचारलं. ठेवला."

"विचारलं ना?" आजोबा खुर्चीत बसले. "विचारलं."

आम्ही पडदे परत लावले. शंकेचे डोळे लाल झाले होते. धुळीने, म्हणाली. वर आजी ताटकळल्या होत्या, म्हणून निघालो, तर आजोबांनी दारात माझी बाही धरली.

"पुढच्या शनिवारी येशील?"

"आवरायला ना? येतो की!"

"नाही रे. चोरी करायला. मी तिला फोन लावतो."

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार!