रिकामा डबा परत द्यायचा नाही

वारज्याच्या शरच्चंद्र उपासनी सरांना आयुष्यात कधी काही विकता आलं नाही. जुनी स्कूटर काढायची होती तेव्हा त्यांनी गिऱ्हाइकाला तिचे दोष इतक्या तळमळीनं समजावून सांगितले, की तो बिचारा हळहळत सरांनाच रिक्षानं फिरायचा सल्ला देऊन गेला. आणि अशा माणसाच्या गळ्यात विद्यापीठानं उद्योजकतेचा वर्ग बांधला!

कोणतं विद्यापीठ ते विचारू नका. पुण्यात विद्यापीठांना तोटा नाही, त्यातलंच एक. तिथं फर्मान निघालं की यापुढे कला, विज्ञान, संगीत, सगळ्या शाखांच्या मुलांनी एकत्र बसून उद्योजकता शिकायची. शिकवणार कोण? तर ज्यांच्या विषयाला मुलं उरली नाहीत ते. सर तत्त्वज्ञानाचे. त्यांच्या वर्गात गेल्या वर्षी मुलांपेक्षा पंखे जास्त होते.

"त्यात काय एवढं?" सर जेवताना बायकोला, म्हणजे श्यामलाबाईंना म्हणाले. "माणसाला नेमकं काय हवं असतं, हा प्रश्न आम्ही अडीच हजार वर्षं हाताळतोय. गिऱ्हाईक म्हणजे दुसरं काय? ज्याला काहीतरी हवंय असा माणूस. डाव्या हातचा मळ आहे माझ्या."

"कोशिंबीर वाढू?" श्यामलाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी संचालक हिंमतराव जगदाळ्यांनी सरांना बोलावून घेतलं. हिंमतराव मोजकं बोलत आणि ते बोलून झालं की समोरच्याला पाणीसुद्धा विचारत नसत.

"उपासनी सर, पुढच्या शनिवारी समिती आढावा घेईल. तुमच्या गटाकडे पैसे देणारा एक खरा ग्राहक दिसला, तर तुम्ही इथेच. नाही दिसला, तर सोमवारपासून वाघोलीच्या नव्या इमारतीत पहिल्या वर्षाला नीतिशास्त्र. आणि हो, ग्राहक नातेवाईक नको."

आता ज्याला पुणं ठाऊक आहे, त्याला याचा अर्थ सांगायला नको. वारजे हे गावाचं एक टोक, वाघोली दुसरं, आणि मधे अख्खं पुणं, तेही रस्त्यावर उतरलेलं. सरांना चैन पडेना. त्या दुपारी ते उठले आणि जाऊन तर बघू म्हणून बसनं निघाले. स्वारगेटला बस बदलली, कुठंतरी उभे राहिले, कुठंतरी डुलकी लागली, आणि वाघोलीला पोचले तेव्हा इमारतीचा पहारेकरी कुलूप लावत होता. सरांनी बाहेरूनच इमारत पाहिली आणि परतीची बस धरली. घरी आले तेव्हा चेहरा असा झाला होता की श्यामलाबाईंनी आधी मीठमोहऱ्या उतरवून टाकल्या.

गटात मुलं तीन. भूगर्भशास्त्राची ऋचा, संख्याशास्त्राचा आमोद आणि संगीत शिकायला वर्ध्याहून आलेला साईनाथ. विकायचं काय, यावर चर्चा सुरू झाली तेव्हा साईनाथ डबा उघडून जेवत बसला होता.

"सर, हे घ्या. आईनं पाठवली. आमच्याकडे जवसाची चटणी नसली तं जेवण झाल्यासारखं वाटतच नाही."

सरांनी चाटून पाहिली. मग पुन्हा पाहिली. मग पोळी मागितली. झालं, उद्योग ठरला. साईनाथनं आईची कृती आणली. जवस मिक्सरमध्ये वाटायला ऋचाची सक्त मनाई. तिच्या मते चव दगडात असते, म्हणून तिनं पारखून एक काळाकभिन्न खलबत्ता आणला, तो उचलताना आमोदची कंबर धरली. आमोदनं आडवं पडूनच सरांच्या सोसायटीतली घरं चिठ्ठ्या टाकून निवडली. त्याला तो नमुना पाहणी म्हणत होता. आणि तत्त्वज्ञान म्हणून सरांनी एक विचार घातला.

"आधी फुकट द्यायची. प्लॅस्टिक नको, छानशा स्टीलच्या डबीत. चव लागली की माणूस डबी परत द्यायला येईल आणि तेव्हाच ऑर्डर देईल. इच्छा आधी, व्यवहार नंतर!"

मुलांनी टाळ्या वाजवल्या. श्यामलाबाई काहीतरी म्हणणार होत्या, पण सर ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हते.

रविवारी डब्या घरोघर गेल्या. सोमवारी संध्याकाळी बेल वाजली. दारात समोरच्या फ्लॅटमधले बद्रीनाथराव, पोस्टातून निवृत्त झालेले. हातात डबी. सरांनी खुणेनं आतल्या मुलांना बोलावलं. पहिला ग्राहक बघायला सगळे दारात दाटीवाटीनं उभे राहिले.

"चटणी फर्मास होती," बद्रीनाथराव म्हणाले. "हे घ्या."

सरांनी डबी उघडली. आत खोबऱ्याच्या वड्या.

"हे काय?"

"रिकामी कशी द्यायची?" असं म्हणून बद्रीनाथराव चपला ओढत निघूनही गेले.

मग बेलला उसंत मिळेना. कुणाच्या डबीत लसणाची चटणी, कुणाच्या डबीत बेसनाचा लाडू. चिवडा मावला नाही म्हणून एका काकूंनी डबीसोबत आपला मोठा डबाच पाठवला, वर घराण्याचं नाव कोरलेला. आता दुसऱ्याचं नाव घातलेला डबा घरात ठेवायचा का? नाही. आणि रिकामा द्यायचा का? तेही नाही! श्यामलाबाईंनी पदर खोचला आणि साखरभात केला. तो गेला, तर उलट कोथिंबीरवडी आली. बद्रीनाथरावांकडे तर खीर श्यामलाबाईंच्या स्वतःच्या डब्यात गेली. बुधवारपर्यंत फ्रीजचं दार गुडघ्यानं लोटावं लागत होतं. मुलं चरत होती, आमोद आडवा पडून तक्ता करत होता.

"सर, आवक प्रचंड आहे," तो म्हणाला. "विक्री शून्य."

सर गॅलरीतून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून गॅलरीत येरझारा घालत होते. बस दिसली की त्यांना धडकी भरत होती. शेवटी गुरुवारी त्यांनी मनाचा हिय्या केला आणि जिन्यात बद्रीनाथरावांना गाठलं.

"बद्रीनाथराव, त्या चटणीचं... म्हणजे पुढची डबी हवी असेल तर... थोडे पैसे पडतील."

बद्रीनाथरावांनी पिशवी खाली ठेवली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"असं होय. मग आमच्या वड्यांचे किती लावायचे, तेही सांगा. हिशेब मिटवूनच टाकू."

सर तोंड लपवून जिना चढले. ते वर पोचेपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर संदेश पडला होता. 'सोसायटीत चटणी प्रथम प्रेमाने व नंतर पैशाने दिली जाते, असे समजते. सभासदांनी चव घेण्यापूर्वी विचार करावा.' खाली अंगठ्यांची रांग लागली होती.

शुक्रवारी सकाळी श्यामलाबाईंनी दूध घ्यायला दार उघडलं, तर दाराच्या कडीला एक पिशवी. पिशवीत त्यांचाच एक डबा, परवा शेजारी शिरा भरून पाठवलेला. घासूनपुसून लख्ख. आणि रिकामा.

श्यामलाबाई तो डबा मांडीवर घेऊन तशाच खुर्चीत बसल्या. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि त्यांनी ते लपवलंही नाही.

"उभ्या आयुष्यात या घरात कुणाकडून रिकामा डबा आला नव्हता," त्या म्हणाल्या. "तुमचा तो उद्योग चुलीत घाला."

सरांना फार वाईट वाटलं. वाघोलीचंही वाटत होतंच, पण हे वेगळं होतं. चार माणसं बायकोमुळे घराशी जोडलेली होती आणि आपण जिन्यात उभं राहून ती तोडली, हे त्यांना लख्ख दिसत होतं. संध्याकाळी मुलं आली तेव्हा सर म्हणाले, "उद्या मी समितीला सरळ सांगतो, जमलं नाही." साईनाथ कोपऱ्यात खलबत्ता पुसत बसला.

तेवढ्यात दार हळूच ढकलून शेफाली आत आली. बद्रीनाथरावांची सून, आयटीतली. पाठीला लॅपटॉपची बॅग, हातात श्यामलाबाईंचा खिरीचा डबा, आणि चेहरा चोरी पकडल्यासारखा.

"काकू, बाबांचं मनावर घेऊ नका. डबा कधीचा द्यायचाय, पण मी घरी येते तेव्हा हातात बळ नसतं. आणि रिकामा द्यायचा नाही, असं सासूबाईंनी बजावलंय. ऑफिसातल्या मैत्रिणीचा डबा तर संक्रांतीपासून माझ्या ओट्याखाली आहे. तिच्या समोर जायची सोय राहिली नाही. काय भरू, हेच सुचत नाही काकू."

ऋचानं कान टवकारले. आमोद चक्क उठून बसला, कंबर विसरून.

"ताई," ऋचा म्हणाली, "आम्ही डबा भरून दिला, तर पैसे द्याल?"

"आत्ता देते! स्कॅनर कुठाय? फक्त मी घरी केलंय असं म्हणणार हं. सासूबाईंना कळता कामा नये."

सरांमधलं नीतिशास्त्र खडबडून जागं झालं. "पण हे असत्य नाही का? म्हणजे तात्त्विक दृष्ट्या..."

"तुम्हाला वाघोलीला जायचंय का?" श्यामलाबाईंनी विचारलं.

सर खाली बसले. फ्रीज उघडला गेला. शेफालीनं श्यामलाबाईंचा डबा, श्यामलाबाईंच्याच फ्रीजमधल्या चिवड्यानं भरून घेतला, मोबाईलवरून पैसे दिले आणि तो डबा श्यामलाबाईंच्याच हातात ठेवला.

"अगं, कशाला एवढं?" श्यामलाबाई म्हणाल्या, आणि मनापासून म्हणाल्या. चिवडा शेजारच्या काकूंचा होता, हा भाग वेगळा.

शेफालीनं ऑफिसात मैत्रिणींच्या कानात सांगितलं. रात्री जेवणं होईपर्यंत साईनाथच्या फोनवर ओट्याखालचे डबे रांग लावून उभे होते. सोसायटीतूनही दोन-तीन कुजबुजते फोन आले. त्यात एक आवाज सरांना बद्रीनाथरावांसारखा वाटला, पण त्यांनी नाव विचारलं नाही.

शनिवारी समिती खूश झाली. संगीताच्या मुलानं आईची चटणी सांगितली, भूगर्भशास्त्रानं दगड दाखवला, संख्याशास्त्रानं तक्ते लावले, आणि लोकांना चटणी नको आहे, अवघडलेपणातून सुटका हवी आहे, हे तत्त्वज्ञान सरांनी असं काही मांडलं की समितीतल्या एका बाईंनी तिथंच आपल्या जावेच्या डब्याची ऑर्डर दिली. हिंमतराव जाताना चटणीची एक डबी तेवढी उचलून घेऊन गेले.

रविवारी संध्याकाळी हिंमतराव स्वतः सरांच्या दारात हजर. हातात मोठा डबा, वर त्यांचं नाव कोरलेलं.

"तुमची डबी घरात कुठं गेली, सापडेना. म्हणून आमच्या डब्यातून आणलंय. पेढे आहेत. अभिनंदन."

सरांचे डोळे भरून आले. त्यांनी एक पेढा सबंध तोंडात टाकला.

"समितीला फार आवडलं," हिंमतराव म्हणाले. "या कामाचं मोठं केंद्रच काढायचं ठरलंय. त्याचे प्रमुख तुम्ही. आता एवढं मोठं केंद्र म्हटल्यावर आपल्या इथे जागा कुठंय? नव्या इमारतीत अख्खा मजला दिलाय. उद्या सकाळी आठला मीही तिथंच आहे. या."

हिंमतराव निघून गेले. पेढा सरांच्या तोंडात तसाच होता. तो गिळायचा की काय करायचं, ते त्यांना कळेना.

"अहो," श्यामलाबाई आतून डबा न्याहाळत म्हणाल्या, "यांचा डबा उद्या परत द्यायला लागेल. माझ्या घरात आता काही शिल्लक नाही. आणि रिकामा मी नेऊ देणार नाही."

सरांनी पेढा गिळला. फोन उचलला आणि साईनाथला लावला.

"बोला सर. काय भरायचं?"

"तुझी चटणी. चांगली झणझणीत कर. पैसे आत्ता पाठवतो."

"हो सर. पोचवायची कुठं?"

"वाघोलीला," सर म्हणाले. "मी स्वारगेटला बस बदलत असेन, तिथंच दे हातात."