जमादारसाहेबांचा लगाम

गयाक्का घोड्याचा लगाम आधी स्वतःच्या तोंडात घालून बघायची. नवा लगाम आणला की ओसरीवर मांडी घालायची, लोखंडी सळई दातांमागे सारायची आणि आपण आमटी चाखतो तशी डोळे मिटून चव घ्यायची. मग थुंकून म्हणायची, "ह्ये तोंडात घालायचं का फाटकाला लावायचं?" आणि लगाम अंगणातल्या चिंचेला टांगून द्यायची. त्या वर्षी चिंचेला चिंचांपेक्षा लगामच जास्त लागले होते.

ही अहमदपूरची गोष्ट. मी तिथे मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते आणि गयाक्का माझी भिंतीला भिंत शेजारीण. उस्मानाबाद तोडून लातूर नवा जिल्हा झाला होता. कचेऱ्यांच्या पाट्यांना ताजा रंग लागला, विहिरी मात्र कोरड्याच राहिल्या. बाळांनो, तुम्ही नळ सोडून दात घासता म्हणून सांगते, आमच्या गल्लीत पाणी यायचं ते गयाक्काच्या गाड्यावरच्या पिंपांतून. गाडा ओढायचा जमादार. चारा परवडेना म्हणून कुणीतरी माळेगावच्या जत्रेत विकायला आणलेला आणि गयाक्काने घेतलेला हा उंच, काळाभोर घोडा.

गयाक्का माणसांना सरसकट अरे-तुरे करायची, तलाठ्यालासुद्धा. घोड्याला मात्र अहो-जाहो. "जमादारसाहेब, पाय उचला." "जमादारसाहेब, आपन शेपटी आवरा, बाई उभी हाय."

साहेबांचा दोष एकच. लगाम ओढला की ते थांबायच्या ऐवजी सुटायचे. जुन्या मालकाने काटेरी लगाम घातला होता, त्याने तोंडाचे कोपरे फाटलेले. गयाक्काने पहिल्याच दिवशी तो आडात फेकला आणि मऊ लगामाच्या शोधाला लागली. जाड सळई झाली, बारीक झाली, मधे कडी असलेली झाली. एकदा लोखंड गोड लागावं म्हणून तिने सळईला चिंधी गुंडाळून ती गुळाच्या पाण्यात भिजवली. जमादार खूश झाला आणि गुळाच्या अडतीसमोर जाऊन जो उभा राहिला तो दुपारपर्यंत हलला नाही. इकडे आम्ही घागरी घेऊन रांगेत. गयाक्का आली ती गंभीर चेहऱ्याने. म्हणाली, घोड्याला बोल लावू नका, लाच मीच दिली.

एका सकाळी मात्र जमादार भर गल्लीत उधळला. एक पिंप सुटून गडगडत गेलं आणि माणिकरावांच्या नातीला चाटून भिंतीवर आदळलं. पोर वाचली. माणिकराव गल्लीतले वडीलधारे, शांत गृहस्थ. त्यांनी आवाजही चढवला नाही. पुन्हा एकदा सुटला तर घोडा विकायचा, एवढंच सांगितलं. विकला तर घेणारा पुन्हा काटेच घालणार, हे गयाक्काला पक्कं ठाऊक होतं.

त्याच संध्याकाळी तिने मला बोलावून घेतलं. जाऊन बघते तर बाईच्या तोंडात लगाम आणि दोऱ्या पाठीवरून मागे सोडलेल्या. बोलता येईना, म्हणून खुणेनेच तिने दोऱ्या माझ्या हातात दिल्या आणि ओढायला सांगितलं. मी मागे उभी राहून संकोचत ओढल्या. तिने हातवारे केले, जोरात. मी जोर लावला, तशी तिची मान वर गेली आणि ती सुटली ती मला फरपटत थेट सरपणाच्या ढिगावर. लुगडं झटकत उठली, लगाम काढला. ओठाला रक्त आणि चेहऱ्यावर आनंद.

"बाई, दुखलं की मान वर अन् पाय म्होरं. साहेब पळत न्हाईत गं. दुखन्याच्या म्होरं पळून राहिलेत."

मग तिने चामड्याचा रुंद पट्टा करून घेतला, आतून जुन्या लुगड्याचे पदर शिवले. पट्टा नाकाच्या हाडावर बसायचा, नाकपुड्यांच्या बराच वर. दोऱ्या दोन्ही बाजूंना, तोंडात काही नाही. आधी तिने तो अर्थात स्वतःच्या नाकावर बांधला. माणिकरावांनी विचारलं, आता साहेबांना चष्माही लावणार का. रोज सकाळी कोरड्या नदीत तालीम चाले. दोरी जराशी घ्यायची आणि घोडा थांबला की त्याच क्षणी सैल सोडायची. ती मला म्हणाली, हा पट्टा ओढायला नाही, सोडायला आहे.

नव्या जिल्ह्याचे कुणी साहेब टंचाई बघायला आले, त्या दिवशी गयाक्काचा भरला गाडा नेमका चौकात होता. जीपगाड्या हॉर्न वाजवत आल्या, हलगी सुरू झाली आणि कुणा उत्साही माणसाने फटाक्यांची माळ लावली. जमादारचे कान मागे गेले, अंगावर शहारा आला. माणिकरावांनी नातीला कडेवर उचललं. मी डोळे मिटणार होते, पण गयाक्काच्या हातांकडे लक्ष गेलं. तिने दोरी जराशी घेतली आणि लगेच सैल सोडली.

"दम धरा, साहेब. मी हाय."

जमादार एक पाऊल पुढे गेला, थरथरला आणि उभा राहिला. पिंपातलं पाणी नुसतं डचमळलं. माणिकराव जवळ आले, घोड्याच्या मानेवर थाप मारली आणि आपली घागर पुढे केली. निकाल लागला.

गाडा रिकामा झाल्यावर मी तिच्या अंगणात गेले. ती पट्टा सोडून जमादारच्या नाकावर वळ उठलाय का ते बोटांनी चाचपत होती. मी म्हटलं, एवढा ताकदीचा घोडा आणि तू दोरी सैल सोडलीस, भीती नाही वाटली?

ती पट्ट्याच्या दोऱ्या गुंडाळू लागली. तिचा नवरा आधीच्या दुष्काळात कामासाठी हैदराबादकडे गेला तो परतलाच नाही, इतकं मी ऐकून होते. ती स्वतः त्याविषयी कधी बोलली नव्हती.

"एकाला लई आवळून धरलं हुतं, बाई," ती घोड्याकडेच बघत म्हणाली. "जाऊ नये म्हनून त्येच्या वहाना लपवल्या म्या. धान्याच्या कनगीत घातल्या. वाटलं, वहाना न्हाईत तर कुटं जाईल."

जमादारने मान खाली घातली. ती त्याचं नाक चोळत राहिली.

"तसाच गेला. भर उन्हाळा हुता गं. पायात काय बी न्हवतं त्येच्या."